विकेटकीपरची रिकामी जागा

कार्डं जमवायला निघालेल्या माणसाकडं कार्डं थोडी आणि किस्से फार जमतात. कार्डाला कसर लागते, कोपरे मुडपतात, रंग उडतो. किस्सा मात्र दर वेळी सांगताना नवा होऊन निघतो. आमच्या तिघांकडं तर पोतंभर आहेत.

तिघं म्हणजे करीमचाचा, सोनवणे सर आणि मी. चाचांचं लातुरात बुक बाइंडिंगचं दुकान, सर शाळेत ड्रिल शिकवायचे, आणि बसस्टँडजवळ गोळ्या-बिस्किटांचं दुकान माझं. एका गोळीच्या पाकिटात क्रिकेटवाल्याचं रंगीत कार्ड निघायचं. पोरं गोळी चघळून थुंकायची आणि कार्डाचे हाल हाल करायची. त्यातून जुनी, चांगल्या हालतीतली कार्डं शोधायची, हा चाचांचा नाद. तो आम्हा दोघांनाही लागला. चाचांचा अख्खा सेट होत आला होता. फक्त विकेटकीपर नव्हता. फाटका, मळका पुष्कळ मिळायचा. चाचा हातही लावायचे नाहीत.

*

बाया मला हसायच्या. "आक्का, या वयात पोरांची चित्रं गोळा करून राहिल्या?"

हाव, करून राहिले. तुमच्या बापाचं काय जातं? मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. मराठी दुकानांच्या पाट्यांवर शिकले आणि इंग्रजी या कार्डांच्या पाठीवर. त्यामुळे माझं सगळं इंग्रजी क्रिकेटचं. एकदा दवाखान्यात नर्स सुई घेऊन आली आणि म्हणाली, "लेफ्ट आर्म."

मी म्हणाले, "स्लो."

तिनं खरंच हळू टोचलं. इंग्रजी शाळेत गेलेल्या आमच्या भाच्याला तीच नर्स खसकन टोचून गेली.

*

सरांनी एकदा औशाहून एक कार्ड आणलं. कोपरे शाबूत, रंग ताजा. छाती काढून चाचांपुढं ठेवलं.

चाचांनी ते उजेडात तिरपं धरलं, नाकाजवळ नेलं. "सर, हे भज्याच्या पुडीत होतं."

"पुसलंय मी चांगलं!"

"क्रिकेटवाला पुसला जातो सर. भजं न्हाई."

सरांनी कबूल केलं, भज्याच्या गाड्यावरूनच आणलं होतं. वर भजी खाल्ली ते वेगळंच.

*

चाचांचा एक कायदा होता. हात धुतल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही, मग समोर कलेक्टर का असेना.

मग तो मोठा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, टँकरमागं घागरी घेऊन बाया पळायच्या. रविवारी आम्ही जमलो. चाचांनी कार्डांचं गाठोडं मधे ठेवलं, पण सोडेनात.

"पाणी पिण्यापुरतं हाय," म्हणाले. "हौसेला न्हाई."

"मग कोरड्या हातानं बघू की," सर म्हणाले.

"कायदा म्हंजे कायदा."

तो सगळा उन्हाळा आम्ही बांधलेल्या गाठोड्याभोवती बसून कार्डं बघितली. चाचा विचारायचे, "तिसरा कोण?" मी सांगायची, "डावखुरा, टोपी तिरपी." सर म्हणायचे, "बॅट जमिनीला टेकलेली." विकेटकीपरची पाळी आली की तिघंही गप्प बसायचो. त्यालासुद्धा जागा ठेवलेली होती.

*

गव्हाच्या पिठाच्या खळीनं चिकटवलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड. पोरं ती पत्र्याच्या पेटीवर, फळीवर, दारावर चिकटवायची. काढायला गेलं की चेहरा आपल्या हातात आणि पाठ फळीवर. दुष्काळ सरल्यावर मात्र एक नवल दिसलं. काही घरांत बोट लावताच कार्ड सुटून यायचं, कोरं करकरीत.

सर म्हणाले, "हवामान."

"हवामान गेलं चुलीत," मी म्हणाले. "चिकटवलं कधी ते विचारा."

दुष्काळात गहू कुठला? रेशनवर मिलो यायचा, परदेशातली लाल ज्वारी. भाकरी थापताना तव्यावर जायच्या आधी तुटायची. ज्या पिठाची भाकरी धरत नाही, त्याची खळ काय धरणार? त्या साली चिकटवलेलं प्रत्येक कार्ड वाचलं होतं. मग आम्ही दारोदार एकच विचारायला लागलो, "बाई, दुष्काळात पोरांनी काय चिकटवलं होतं का?"

चाचा म्हणाले, "आक्का, तुमच्या डोक्याला सलाम." मी ते अजून त्यांना विसरू देत नाही.

*

पुढं काही वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचं मोठं प्रदर्शन ठरलं. प्रदर्शनाचे साहेब चाचांच्या दुकानात येऊन म्हणाले, "चाचा, सेट पूर्ण असेल तर दारातलं पहिलं टेबल तुमचं. अर्धवट असेल तर कोपऱ्यात."

चाचांची झोप उडाली. तेवढ्यात कळलं, रेणापूरला चंद्रभागाबाई म्हणून म्हातारी आहे, तिच्याकडं विकेटकीपर आहे. मी आणि चाचा पहिल्या एसटीनं गेलो.

भिंतीवर, जुन्या आरशाच्या चौकटीत, काचेमागं तो होता. कोपरे सुईसारखे. चाचा बघतच राहिले.

"लेकीच्या पोरानं दुष्काळात फळीला चिकटवला होता," म्हातारी म्हणाली. "गळून पडला. मी उचलला. त्याच साली माझा लेक कामाला म्हणून गेला तो आला न्हाई. त्याचा फोटो कधी काढलाच न्हाई."

माझ्या तोंडाला लगाम नाही. "अहो बाई, हा क्रिकेटवाला आहे."

"मला दिसत न्हाई व्हय? हा माझा न्हाई, ठाऊक हाय मला. पण नाक त्याचंच हाय." मग चाचांकडं बघून म्हणाली, "लांबून आलाव. न्यायचा असंल तर न्या. कागदच हाय की."

चाचांनी हात धुवायला पाणी मागितलं. हात धुऊन, पुसून चौकट उतरवली. मागचा पुठ्ठा सुटला होता. पिशवीतून दाभण-दोरा काढून तो शिवला, काच लख्ख केली आणि चौकट त्याच खिळ्याला परत अडकवली.

"चांगल्या हालतीत हाय," एवढंच म्हणाले.

प्रदर्शनात आमचं टेबल कोपऱ्यात होतं. चाचांनी सगळी कार्डं मांडली आणि मधे एक जागा मोकळी सोडली. साहेब वाकून बघायला लागले.

"चाचा, विकेटकीपर कुठंय? सापडला नाही शेवटपर्यंत?"

"सापडला की, साहेब," चाचा म्हणाले. "घरी गेलाय."