भागाक्काच्या जीपचा दुसरा गिअर

भागाक्का गेल्याचं मला कळलं ते बिब्याच्या चढावर, दुसऱ्या वळणापाशी. ऊन चढलेलं होतं. आम्ही चौघी बायका धापा टाकत वर चाललो होतो आणि समोरून माझा दीर विठोबा एकटाच चालत खाली येत होता. जीप त्याच्याकडे होती, जीपमध्ये भागाक्का होती, आणि तो मात्र पायी येत होता... एवढ्यावरूनच कळायला हवं होतं. पण आमच्यातल्या शेवंतावहिनीनं त्याला विचारलं, "गाडी बंद पडली व्हय रे?" तो म्हणाला, "गाडी चालू हाय." मग रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड झाकून घेतलं. आम्ही चौघी तिथंच उभ्या. वरून इंजिनाचा आवाज येत होता. गाडी बंद करायचंही त्याला सुचलं नव्हतं.

याला आता दीड महिना झाला. मी वाडीतल्या अंगणवाडीत शिकवते, म्हणून तिच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. "चांगलं लिही," असं सगळ्यांनी बजावलं. चांगलं म्हणजे काय ते मला माहीत आहे. ती प्रेमळ होती, सगळ्यांच्या हाकेला धावून जायची, असं लिहायचं. हाकेला ती धावायची हे खरं. प्रेमळ मात्र ती नव्हती, आणि आम्ही तर तिच्याशी जे वागलो त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता येत नाही.

आमची वाडी कुंभारवाड्याच्याही पुढे, दिग्गीच्या वाटेवर रानात. बस दिवसातून एकदा येते, पावसाळ्यात तीही येत नाही. आमच्या बचत गटानं जुनी जीप घेतली तेव्हा ती चालवणार कोण, असा प्रश्न पडला नाही, कारण गाडी चालवणारी बाई एकच होती. भागाक्काचा नवरा पूर्वी लाकडाच्या ठेकेदाराची जीप चालवायचा. त्यानंच तिला शिकवलं, भातकापणी झालेल्या मळीत. क्लच चुकला की तो तिच्या डाव्या पावलावर काठी मारायचा. हे ती हसत सांगायची. "म्हणून तर माझ्या हातनं किलच कवा जळला न्हाई," असं म्हणून पाऊल पुढे करून दाखवायची. अंगठ्याजवळचं हाड वाकडंच बसलेलं होतं. पुढे नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा तिनं त्याचं सगळं केलं, सहा वर्षं, आणि तो गेल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नाही. मूलबाळ नव्हतं. जीप आली तेव्हा ती पन्नाशीला आली होती. कोकमाची सोलं, फणसाचे पापड, थंडीत कणगं हे कंद असा आमच्या गटाचा माल ती गणेशगुडीच्या लॉजवर पोचवायची, आजाऱ्यांना जोयड्याच्या दवाखान्यात न्यायची, वाटेत गवे आडवे आले की इंजिन बंद करून शांत बसून राहायची. गव्यांशी ती जितकी सबुरीनं वागायची तितकी माणसांशी कधीच वागली नाही. शेवंतावहिनी एकदा पाच मिनिटं उशिरा आली, तर ती दिसत असताना, हात हलवत पळत येत असताना, भागाक्का निघून गेली. भर उन्हात डोक्यावर पापडांचं गाठोडं घेऊन वहिनी घरी परतली. दुसऱ्या दिवशी भागाक्का म्हणाली, "घड्याळ न्हाई तर कोंबडा पाळ."

माझं तिच्याशी वेगळं होतं. आठ वर्षांपूर्वी मला पाचव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा जीपमध्ये माझ्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. नवरा कामासाठी कारवारला होता. एका हातानं स्टिअरिंग धरून दुसरा हात मागे करून तिनं माझा घोटा धरून ठेवला होता, जोयड्यापर्यंत. गिअर टाकायचा असेल तेव्हाच सोडायची आणि पुन्हा धरायची. मूल वाचलं नाही. नंतर कळलं की जीपचं मागचं बाक तिनं एकटीनं नदीवर नेऊन धुतलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्याबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही, आणि मी तिला अक्का म्हणायचे ते त्या दिवसापासून मनापासून म्हणू लागले.

म्हणूनच तिचं ते बोलणं मला सोसलं नाही. गटाची सचिव म्हणून मी एकदा मिटिंगमध्ये विचारलं, जीप दिवसभर कुठे कुठे जाते ते वहीत लिहून ठेवलं तर बरं होईल का. प्रश्न साधा होता. ती पान चघळत होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "मास्तरणीच्या पाळण्यात काय न्हाई, म्हणून दुसऱ्याच्या गाडीत वाकून बघती." बायका हसल्या. काहींनी पदर तोंडाला लावला, पण हसल्या. मी वही मिटली आणि पुढचा विषय वाचला... त्या वेळी माझा आवाज कसा होता कुणास ठाऊक. ते बाक ज्या हातांनी धुतलं त्याच बाईचं हे तोंड होतं. दुसरं कुणी बोललं असतं तर मी विसरले असते.

त्यानंतर वर्षभरात जीपचा दुसरा गिअर सुटायला लागला. चढावर जोर पडला की खटकन दांडा आपोआप बाहेर यायचा आणि गाडी मोकळी पडायची. अक्का डावा गुडघा दांड्याला टेकवून तो दाबून धरायची. महिन्याभरात गुडघा काळानिळा झाला. गटात ठरलं की रामनगरच्या गॅरेजला दाखवायचं, मेस्त्री काय म्हणतो ते ऐकायचं, मग दुरुस्त करायची की विकायची ते बघायचं. मी आणि अक्का गेलो. तिला बाजारात बियाणं बघायचं होतं, ती तिकडे गेली. मेस्त्रीनं गाडी चालवून पाहिली, कान लावून ऐकलं आणि मला म्हणाला, "बॉक्स गेल्यासारखा वाटतोय, बाई. पण उघडल्याबिगर नक्की सांगत न्हाई. कवाकवा वरचं झाकण काढलं की नुसती स्प्रिंग मेलेली असती." अक्का परत आली. "काय म्हणाला?" म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, "मिटिंगीत सांगते." तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चावी फिरवली.

मिटिंग शाळेच्या व्हरांड्यात झाली. बाराही जणी होत्या. मी उभी राहून सांगितलं, "मेस्त्रीचं म्हणणं आहे, गिअरबॉक्स गेला." एवढंच. पुढचं वाक्य तोंडात होतं, ते मी गिळलं. अक्का म्हणाली, "एकदा उघडून तरी बघूया. माझा गुडघा सांगतोय, दात शाबूत हाईत." "बाकीचं ऱ्हाऊ द्या, पर ही गाडी गेली तर पावसात बाळंतीण कोण न्हेणार? तुमचे न्हवरे न्हेणार, पाठीवर?" असंही ती म्हणाली. विनवणी तिला करता येत नव्हती, ती विनवायला गेली की शिवी दिल्यासारखंच वाटायचं. मग मी विचारलं, दुरुस्ती नको असं कुणाकुणाला वाटतं? गिऱ्हाईक मिळेल तेव्हा जीप विकून टाकावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. सहा हात वर आले. शेवंतावहिनीचा पहिला. सहाला सहा झाले असते, पण मी सातवा केला. अक्का सगळ्या हातांकडे एकेक करून बघत गेली, जत्रेत माणसं ओळखत जावं तशी. माझ्या हातापाशी आल्यावर थांबली. म्हणाली, "बरं."

गिऱ्हाईक काही मिळालं नाही. जीप आहे तशीच चालत राहिली, आणि बिब्याच्या चढाखाली आली की थांबू लागली. पहिल्या दिवशी अक्कानं मागे वळूनही न पाहता सांगितलं, "हात वर केलेल्या खाली उतरा." आम्हाला वाटलं चेष्टा करते. "दुसरा गिअर न्हाई. पयल्यात एवढं वजन घेतलं की गाडी तापती. उतरा." तिचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळे भांडताही येईना. ज्यांनी हात वर केला नव्हता त्या बसून राहिल्या आणि आम्ही चढ चालू लागलो. मग ते रोजचंच झालं. पावसात, जळवा पायांना चिकटलेल्या, आम्ही चढायचो. शेवंतावहिनीचे गुडघे धरलेले असायचे, ती मध्ये दोनदा बसायची. अक्का वर पोचून इंजिन बंद करायची, पान लावायची आणि आम्ही येईपर्यंत रानाकडे बघत बसायची. मला ताप होता त्या दिवशीही तिनं उतरवलं. मी म्हटलं, "अक्का, अंगात ताप आहे." ती म्हणाली, "हात वर करताना हुता का?"

सात-आठ महिने हे चाललं. हळूहळू तिला सांगावंही लागेनासं झालं. चढ आला, गाडी थांबली की आम्ही आपोआप उतरायचो.

माघात एका सकाळी ती परड्यात कणगं खणत होती. शेवंतावहिनीला ती कुदळीवर ओणवी झालेली दिसली, पण कुदळ हलत नव्हती. आम्ही धावलो. चेहरा राखेसारखा, कपाळावर घामाचे थेंब, डावा हात छातीशी. अँब्युलन्सला फोन लावायचा तर रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं, आणि ती यायला वेळ लागतो. विठोबा ट्रॅक्टर चालवतो, त्यानं जीप काढली. मी मागे बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. वहिनी आणि हात वर केलेल्यांपैकी आणखी दोघी बसल्या. अक्काचे डोळे मिटलेले होते, पण कान गाडीकडे होते. "चढाला दुसऱ्यात टाकू नगो," ती विठोबाला म्हणाली. "पयल्यातच ने. गरम झाली तर होऊ दे."

बिब्याच्या चढाखाली विठोबानं गाडी थांबवली, पहिला गिअर टाकायला. थांबली मात्र, आणि आम्ही उतरलो. कुणी कुणाला सांगितलं नाही. वजन कमी होईल, गाडी लवकर वर जाईल, असं माझ्या मनात त्या क्षणी होतं का? होतं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे पाय आपोआप खाली आले. तिचं डोकं मी मांडीवरून उचलून पोत्यावर ठेवलं. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "बस..."

मला ते "पुरे" असं ऐकू आलं. पुरे झालं, आता जा. मी मनगट सोडवून घेतलं.

तिला काय म्हणायचं होतं, ते दीड महिना मी रोज ऐकते आहे. ज्या बाईनं एकदा जोयड्यापर्यंत माझा घोटा धरून ठेवला होता, ती मला बस म्हणत होती, आणि मी उतरले. चढ चालायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागतात. विठोबा पुढे तिच्याशी बोलत गेला. गाडी कुठं गुरगुरते, कुठं धरते ते विचारत गेला. "मला वाटलं आयकतीय," तो दगडावर बसून टॉवेलाआडून सांगत होता. "वर गेल्यावर म्हटलं, अक्का, चढली बघ... तर न्हाईच."

तेराव्यानंतर गटाची मिटिंग झाली. जीप दुरुस्त करायची का, असं मी विचारलं आणि सगळे हात वर आले. कुणीही नको म्हटलं नाही. मेस्त्रीनं वरचं झाकण काढलं. आत गिअरचे दात शाबूत होते. एक स्प्रिंग मेली होती आणि एक पोलादी गोळी झिजली होती. सकाळी दिलेली गाडी दुपारी मिळाली. जीपच्या काचेवर आता तिचं नाव रंगवलं आहे, वर हळदकुंकू. विठोबा चालवतो. बिब्याचा चढ जीप भरलेली असतानाही दुसऱ्यात चढते.

गेल्या मिटिंगमध्ये मला राहवलं नाही. सगळे विषय संपल्यावर मी सांगितलं, मेस्त्री काय म्हणाला होता आणि मी काय गिळलं होतं. वाटलं होतं कुणी ओरडेल, निदान कुणी उठून जाईल. तांदूळ निवडावेत तशा सगळ्या खाली बघत बसल्या. शेवटी शेवंतावहिनी म्हणाली, "आमाला ठाव हुतं."

"काय?"

"मेस्त्री माझ्या म्हायेरच्या गल्लीतला. मिटिंगीच्या आदीच त्यानं माझ्या भावाला सांगितलं हुतं, उघडून बघा म्हणून. मी ह्या बायकांस्नी सांगितलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून वाट बघितली," वहिनी म्हणाली. "तू न्हाई बोललीस. मग बरंच वाटलं, बाई... खोटं कशाला बोलू."

एवढं बोलून ती गुडघे धरून उठली, कारण बाहेर विठोबानं हॉर्न दिला होता. त्या दिवशी माल घेऊन गणेशगुडीला जायचं होतं. आम्ही नऊ जणी, पोती आणि दोन टोपल्या, सगळ्या मागेच शिरू लागलो. पुढे चालकाशेजारच्या सीटवर भागाक्कानं कधी कुणाला बसू दिलं नव्हतं. तिथं तिची पानाची चंची असायची, कोयता असायचा आणि पावसाचं इरलं. आता तिथं काहीच नाही. एकीच्या मांडीवर दुसरी, कुणाचा पाय पोत्याखाली, कुणाचं कोपर माझ्या बरगडीत. विठोबानं मागे वळून बघितलं.

"पुढची शीट मोकळी हाय की," तो म्हणाला. "या की कुणीतरी."

कुणी हललं नाही. त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली.