नाल्याच्या पाण्याची बाटली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. वाशी तेव्हा अर्धी इमारती, अर्धी चिखल. आमच्या कॉलेजात वर्षातून एकदा मुलांच्या संशोधनाचा आणि कलेचा दिवस भरायचा — एका वर्गात चित्रं, एकात हस्तलिखितं, आणि प्रयोगशाळेत आम्ही सायन्सवाले. मी आणि भारती. ती रबाळ्याकडच्या खाडीकाठच्या गावातली, वडील मासेमारी करणारे. खाडीत मासे मरून वर यायला लागले होते. कारखान्याच्या नाल्यातून आम्ल येतंय, हे भारतीनं वर्षभर पाणी तपासून वहीत मांडलं होतं. आणि मी काय केलं होतं? तक्ते रंगवले. अक्षर चांगलं होतं माझं, एवढंच.

आदल्या दिवशी चहा पिताना बाबा सहज म्हणाले, उद्या तुमच्याकडे पाहुणे म्हणून आमचेच साहेब येतायत. बाबा त्याच कारखान्यात क्लार्क होते. बस, तेवढंच बोलले. आमचा विषयसुद्धा त्यांना ठाऊक नव्हता. मला कुणीही काही करायला सांगितलं नव्हतं — हे नीट लक्षात घ्या.

सकाळी भारतीच्या वडिलांनी नाल्याचं ताजं पाणी बाटलीत भरून आणून दिलं. ती त्यांना चित्रं दाखवायला घेऊन गेली. प्रयोगशाळेत मी एकटी. बाटली ओतून नळाखाली धरायला वेळ तो किती लागतो? पाणी गढूळ दिसावं म्हणून कुंडीतली चिमूटभर माती टाकली. बाटली पुसून होती तिथे ठेवली.

साहेब आले. बरोबर आमचे सर, मागे भारतीच्या गावातली चार माणसं. भारतीनं खणखणीत आवाजात सांगितलं, आम्ल असेल तर हा निळा कागद लाल होईल. बुडवला. निळाच. दुसरा घेतला — निळाच. तिसऱ्या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे बघत राहिले.

"सकाली मी सोता भरून आनलंय पानी," तिचे वडील म्हणाले.

साहेब रागावले नाहीत. गावकऱ्यांकडे वळून शांतपणे म्हणाले, "बघितलंत ना?"

गावानं कारखान्याविरुद्ध तक्रार लिहिली होती; सर भारतीची वही तिला जोडून सरकारकडे पाठवणार होते. त्यांनी ती भारतीला परत दिली. तक्रार तिथेच थांबली. भारती त्या वर्षी परीक्षेला बसलीच नाही. तिच्या वडिलांनी होडी विकली आणि ते रबाळ्यात एका गेटवर वॉचमन झाले. माझे बाबा त्याच नोकरीतून रिटायर झाले. तक्रार पुढे गेली असती तर ती नोकरी गेली असती का? मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं.

भारती माझ्या लग्नाला आली होती. सासूबाईंना कौतुकानं सांगत होती, "त्या दिवशी सगळे निघून गेले. ही एकटी थांबली माझ्यापाशी."

थांबले होते, खरं आहे. उरलेलं पाणी कुणाच्या हाती लागू नये म्हणून थांबले होते. तिला मी तेव्हा सांगितलं नाही. नंतरही नाही.