पाय बाबांचे

आमच्या घरात कोंबडी शिजली की तिचे दोन्ही पाय बाबांचे. तंगड्या नव्हेत, पाय. पिवळ्या सालीचे, नखांचे. दुकानवाला त्यांना पंजे म्हणतो आणि समोरच्या सोसायटीतली गिऱ्हाइकं नाक मुरडून म्हणतात, ते टाकून द्या. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला तंगडी मिळे, काळीज मिळे. पायांवर हक्क घरच्या कर्त्याचा. आई ते गॅसच्या जाळावर भाजायची, साल ओढून काढायची, नखं छाटायची आणि रश्शात सोडायची.

बाबा ते अगदी शेवटी खायचे. एकेक बोट मोडायचं, कट्ट आवाज यायचा, मग सांधा चोखायचा. ताटाच्या कडेला बारीक हाडांचा ढीग, धुतल्यासारखा स्वच्छ. आम्ही कोपर गावचे जुने, खाडीवरचे. इमारती आमच्या अंगणापर्यंत नंतर आल्या. खाडीत मासा राहिला नाही तेव्हा बाबांची होडी गेली, पुढे कंपनी बंद पडली तेव्हा नोकरी गेली. पाय तेवढे राहिले.

लहानपणी मलाही ते हवे असायचे. "पोरींनी पाय खाल्लं का पायाला भिंगरी लागते," बाबा म्हणायचे. मी फुरंगटून बसायचे. न खाताही काय मोठं साधलं म्हणा. चाळिशी उलटली, लग्न झालं नाही, रोज सकाळी ठाण्याच्या ऑफिसात जाते आणि संध्याकाळी त्याच घरी परत येते.

मग बाबांच्या गालात गाठ निघाली. तंबाखू. सांगून कोण ऐकतं? ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि जबडा आखडला. तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडू लागलं. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक सरकवायच्या, हळूहळू वाढवायच्या, असा व्यायाम दिला होता. बाबा तो आरशासमोर उभे राहून इमानाने करायचे. काड्या वाढल्या नाहीत.

आईने हार मानली नाही. कोंबडीचे पाय तासन्‌तास उकळून, फडक्यातून गाळून त्याचं पाणी ती त्यांना देऊ लागली. ओठांच्या फटीतून बाबा चमचा आत घेत आणि अंगठा वर करत. तेवढ्यावर आईचा दिवस बरा जायचा.

आणि फोन. कुणीतरी त्यांना व्हिडिओ लावून दिले होते, जगभरातले लोक कोंबडीचे पाय खातानाचे. एक चिनी बाई परातभर पाय घेऊन बसायची. एक कोरियातली मुलगी लालभडक पाय खाता खाता नाक पुसायची. कुठे निखाऱ्यावर भाजलेले, काडीला टोचलेले. कुठे आफ्रिकेतली पोरं मक्याच्या घट्ट लापशीबरोबर खाणारी. बाबा आवाज मोठा करून बघत. ते चोखणं, ते कटकट मोडणं घरभर ऐकू यायचं. मी वैतागून म्हणायचे, "बाबा, आवाज कमी करा." ते करायचे नाहीत. मला राग त्या आवाजाचा नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

पुढे मानेत गाठ आली. डॉक्टरांनी ती चाचपली, पुन्हा ऑपरेशन करण्यात अर्थ नाही म्हणाले. वर म्हणाले, "आता त्यांना आवडेल ते खाऊ घाला." त्या माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकीने बढतीची पार्टी दिली, ठाण्यातल्या एका चिनी हॉटेलात. बांबूच्या टोपलीतून कोंबडीचे पाय आले. बाकीच्यांनी ईऽऽ केलं. मी एक उचलला. तळून, मग वाफवून इतका मऊ केलेला की जिभेने दाबला तरी हाडावरून सुटत होता. दात लागतच नव्हते. हे बाबांना जमेल. मी आणखी एक टोपली मागवली आणि बांधून घेतली.

घरी आल्यावर आईने ते वाफवून गरम केले. बाबांनी वाकून पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी हसले. मी हाडं काढली, चमच्याच्या टोकाने थोडं त्यांच्या गालाच्या आत सरकवलं. ते डोळे मिटून चोखत राहिले. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ओठाच्या कडेने रस गळला. मग त्यांनी बोटाने सगळं बाहेर काढलं.

"मना चवच लागत नाय," ते म्हणाले.

"चिन्यांचा मसाला तो," आई म्हणाली. "उद्या मी करतंय ना आपला."

"कशाचीच लागत नाय. लय दिवस झालं."

आईने विचारलं, "मग रोज अंगठा कशाला दाखवत होतात?"

"तू रांधतंस म्हनून."

आईने डबा उचलला, मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. ती भांडी घासलेलीच होती.

त्यानंतर बाबांना नाकातून नळी घातली. फोन उशाशी पडून राहू लागला. व्हिडिओ बंद झाले आणि मला घरातली शांतता सहन होईना.

एका रविवारी आईने माझ्यासाठी कोंबडी केली. वाढताना पाय डावात आले आणि तिचा हात अडला. बाबा पलंगावरून बघत होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बायला दे."

"आणि भिंगरी?" मी विचारलं.

"लागू दे आता."

मी खाल्ले. त्यांच्यासारखे, शेवटी, एकेक बोट मोडून. बाबा कान देऊन ऐकत होते. एकदा त्यांनी हाताने खूण केली, नीट मोड, आवाज नाही आला. मी दुसरं बोट मोडलं, कट्ट झालं, त्यांनी मान डोलावली. पाय चविष्ट होते. याचीच मला लाज वाटत होती, आणि तरी मी हाडं स्वच्छ होईपर्यंत चोखली.

पुढच्या रविवारी आईने पुन्हा कोंबडी केली. बाबा जागे होते, समोरच होते. या वेळी आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. भात वाढला, रस्सा ओतला आणि दोन्ही पाय सरळ माझ्या ताटात घातले.