वत्सलाबाईंच्या शाळेची कडी

ये बाई मंजू, अशी जवळ ये. म्हणजे हा कागद तरी डोळ्यांजवळ धर, कारण तू स्वतः काही यायची नाहीस. बजाजनगर म्हणजे काय विलायत लागून गेलीय? परवा फोन केलास तोही घोड्यावर बसून. "आजी, थंडी लई वाढलीय. शाळेला सुट्टी द्यावी का, म्हणून हेडमास्तरांनी सगळ्या टीचर लोकांची मतं मागितलीत. तुला काय वाटतं, हो का नाही?" मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "बरं, नंतर बोलू." अगं, हो का नाही सांगायला मी काय भिंतीवरचं बटण आहे? या गोष्टीचं उत्तर माझ्यापाशी नव्हतंच कधी. ते वत्सलाबाईंपाशी होतं, आणि त्यांना ते सहजासहजी मिळालं नव्हतं. म्हणून लिहितेय. निवांत वाच.

वत्सलाबाई आमच्या गावच्या मास्तरीण. गंगापूरकडून गोदावरीकडे उतरताना आपलं गाव लागतं, तिथली एका खोलीची शाळा त्यांची. थंडी पडली की त्या दारात उभ्या राहायच्या आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक लेकराला म्हणायच्या, "कान दाखव." नवीन लेकराला वाटायचं, आता पिरगाळणार. पण बाई बोटांची मागची बाजू कानाच्या पाळीला लावायच्या. पाळी गार लागली की ते पोर शेगडीपाशी, कोमट लागली की मागं. "दात मुद्दाम वाजवता येतात, नाकही ओढता येतं," त्या म्हणायच्या, "कान तेवढा खोटं बोलत नाही."

दिसायला बाई काटकुळ्या, आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत जाणारा. त्यांचे वडील शहरात निजामाच्या कचेरीत कारकून होते. बाई लहानपणी उर्दूत शिकल्या, आणि पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर गावोगाव मराठी शाळा निघाल्या तेव्हा मोठ्या वयात मराठी लिहायला बसल्या. म्हणून त्यांच्या बोलण्यात कायम वख्त आणि हाजिरी. वडील गेले, त्यांची काळी शेरवानी तेवढी मागं राहिली. हिवाळ्यात बाई ती लुगड्यावर चढवायच्या आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावायच्या. पोरं ओरडायची, "निजाम आले, निजाम आले!" बाई शांतपणे म्हणायच्या, "आले ना? मग आज निजाम पाढे विचारणार आहेत."

त्या आमच्याच घरी, गोठ्याशेजारच्या खोलीत राहायच्या. मी त्या घरात नवी सून. सकाळी निखाऱ्यांची शेगडी शाळेत पोचवायचं काम माझ्याकडे. मी ती ठेवायचे आणि निघायच्या नावाखाली दाराशी रेंगाळायचे, फळ्यावरचं बघत. मला आज जे काही लिहिता येतं ते त्या रेंगाळण्यातून. बाईंना ते दिसायचं, पण त्यांनी कधी "गोदा, ये, बस" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सासूबाईंनी शेगडी दुसऱ्या कुणाकडे दिली असती, हे त्यांना माहीत होतं. त्या फक्त त्या वेळी अक्षरं जरा मोठी काढायच्या.

पण एका बाबतीत बाई फार कडक. घंटा झाली की दाराला आतून कडी. उशिरा येईल त्यानं प्रार्थना आणि हाजिरी होईपर्यंत बाहेर ओट्यावर उभं राहायचं. मी एकदा म्हटलं, "बाई, लहान लेकरं हायेत." तर म्हणाल्या, "गोदा, आज जरा सूट दिली तर उद्या पोरी धुणीभांडी उरकून येतील, आणि परवा येणारच नाहीत. हाजिरी म्हणजे हाजिरी." त्यांचं चुकत होतं असंही नाही. त्या कडीच्या धाकानंच कितीतरी घरांनी पोरींना वेळेवर सोडायला सुरुवात केली होती.

त्या वर्षी थंडीनं कहर केला. हरभरा जागच्या जागी करपला. सकाळी कडब्यावर पांढरं पडलेलं दिसायचं. रांजणात हात घातला की पाणी चावायचं. वारा असा की कान झाकले तरी कानात बोलायचा. एका संध्याकाळी मामंजी, म्हणजे माझे सासरे, अंगणातून बाईंच्या खोलीकडे वळले. गावचे पाटील ते, त्यांचा शब्द खाली पडायचा नाही.

"बाई, थंडी हटंस्तोवर शाळा बंद ठिवा. गडीमाणसं शेकोटी सोडंनात, अन् तुम्ही लेकरं बलावता व्हय?"

बाई बाहेर आल्या. "पाटील, तुमचा नातू घरी राहिला तर चुलीपाशी बसेल. ठकी घरी राहिली तर कुठं बसेल?"

"ही कोण ठकी?"

"तुमच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवलीत ना, त्या धनगरांची लेक. त्यांच्या पालाला भिंत नाही. माझ्या शाळेला निदान चार आहेत, एक पडायला आली असली तरी."

"अन् वाटंवर एखादं लेकरू गारठलं म्हंजे?"

"शाळा बंद केली की परत उघडताना पोरी कमी झालेल्या असतात, पाटील. थंडी जाते, पोरी येत नाहीत."

"मी काय इचारतो, तुम्ही काय सांगता!" मामंजींचा आवाज चढला. "बरं, तुमचंच खरं. पण एका लेकराला जरी काही झालं, तर तुमची वळकटी मी सोता यष्टीच्या टपावर टाकीन."

मामंजी वाईट नव्हते गं. त्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी असंच थंडीत काहीतरी झालं होतं आणि तो वाचला नव्हता. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण थंडी पडली की घरात सगळ्यांवर खेकसायचे. मी ओसरीत उभी राहून ऐकत होते, आणि मला दोघांचंही पटत होतं. असं दोन्हीकडचं पटलं की माणसाला झोप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं की अंगणातली तुळस दिसेना. मी शेगडी घेऊन चाचपडत शाळेकडे निघाले. मला उशीर झाला होता, कारण निखारे धरत नव्हते. ओट्यापाशी पोचले तर दार आतून लावलेलं, खिडकीला थंडीसाठी पोतं बांधलेलं. आत हाजिरी चालली होती. पोरं एवढ्या मोठ्यानं 'हाजिर' म्हणत होती की आतल्यांना बाहेरचं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. ओट्यावर कोणी नव्हतं. फक्त एक पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पाटीला लाल लोकरीचा धागा. तो मी ओळखला, ठकीचा. धुक्यात वाट चुकून पोर उशिरा पोचली असणार.

हाजिरी संपली, कडी निघाली, बाई बाहेर आल्या. मी पाटीकडे बोट केलं.

बाईंनी पाटी उचलली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मग त्या ओरडल्या, "ठके! ठके गं!" बांधापलीकडे जाणारा तो आवाज, पण धुक्यानं तो गिळून टाकला.

मोठ्या पोरींना आतच थांबायला सांगून आम्ही दोघी पालाकडे धावलो. ठकीची आई चूल फुंकत होती. "ती तं कवाच गेली साळंला. अंधारातच निघाली, उशीर हुईल म्हणून." आमची तोंडं बघितली आणि फुंकणी तिच्या हातातून खाली पडली. मेंढरं घेऊन बाप ओढ्याच्या अंगाला गेला होता. तिनं कान दिला. लांबून कुठून तरी मेंढरांच्या घंट्या ऐकू येत होत्या. "घंटीमागं गेली आसंल," एवढं म्हणून ती पळत सुटली. आम्ही तिच्यामागं. तोवर कोणीतरी मामंजींना सांगितलं होतं, तेही काठी टाकून धावत आले. पुढचा माणूस मागच्याला दिसत नव्हता. सगळे नुसते एका पोरीच्या नावानं हाका मारत होते. करपलेल्या हरभऱ्यातून पळताना माझ्या पायाला काय लागतंय ते कळत नव्हतं, आणि मनात एकच चाललं होतं, ओढ्याला पाणी आहे, ओढ्याला पाणी आहे.

सापडली ती ओढ्याच्या अलीकडच्या बांधाशी. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, ओठ काळेनिळे. बाईंनी शेरवानीच्या गुंड्या उघडल्या नाहीत, ओढूनच तोडल्या, आणि पोरीला आत छातीशी घेतलं. बोटं तिच्या कानाला लावली आणि काढली. पुन्हा लावली.

ठकीनं डोळे उघडले. म्हणाली, "बाई, माझी हाजरी गेली का?"

धुक्यात नुसत्या मेंढरांच्या घंट्या.

पोर वाचली. आईनं तिला घोंगडीत गुंडाळून आपल्या उघड्या अंगाशी धरलं, दुपारपर्यंत तिच्या अंगात धग आली. पण आई बाईंकडे बघेना. शेवटी बोलली ती एवढंच, "नगं आमाला तुमची साळा. मेंढरामागं राहील, मेंढरावानी जगंल. मेंढराला कुणी कडी लावून भायेर ठिवत नाय."

संध्याकाळी मामंजी बाईंच्या दारात. मला वाटलं, आता वळकटी निघणार. "आता तरी बंद करता का शाळा?"

बाई म्हणाल्या, "चूक थंडीची नव्हती, पाटील. कडीची होती. म्हणजे माझी."

आणि त्या उठल्या, आमच्याच अडगळीतून पक्कड घेतली, शाळेत गेल्या आणि दाराची कडी उपसून काढली. मामंजी मागं उभे राहून बघत होते. बाई वळून म्हणाल्या, "शाळा बंद नाही करणार. पण थंडी हटेपर्यंत घंटा नाही, हाजिरी नाही. उन्हं ओट्यावर आली की शिकवणं सुरू. ज्याच्या घरी ऊब आहे त्यानं खुशाल घरी राहावं. ज्याच्या घरी नाही त्याच्यासाठी दार उघडं, शेगडी पेटलेली. वाट एकटीची असेल तर मी आणायला जाईन."

"अन् कुणीच नाय आलं तर?"

"मी येईन. आणि वळकटी मी बांधून ठेवलीय. धनगर रान सोडून पुढं जायच्या आत ठकी आली नाही, तर तुम्हाला तसदी नको. मीच टाकीन टपावर."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाई रोज उघड्या दारात, सुतळीनं बांधलेल्या शेरवानीत, पालाच्या दिशेनं तोंड करून बसायच्या. गरम घरातली पोरं उन्हं चढल्यावर यायची, काही यायची नाहीत. पण एक झालं. गावकुसाबाहेरच्या झोपड्यांतली, कधी शाळेचं तोंड न पाहिलेली दोन-तीन लेकरं शेगडीच्या ओढीनं आत येऊन बसू लागली. मामंजी वरवर पाटीलकी मिरवत राहिले, पण एका सकाळी माझ्या शेगडीशेजारी लाकडांचा भारा ठेवलेला होता. कोणी ठेवला, ते मी विचारलं नाही. ठकी मात्र नाही. आणि रानात मेंढरं शेवटच्या पट्ट्यात येऊन पोचली होती.

शेवटी एका सकाळी दोघी आल्या. आई पुढं, ठकी मागं. आई ओट्यावर चढली, पण बाईंशी बोलली नाही. ती दारापाशी गेली. कडी जिथं होती तिथं लाकडात नुसती भोकं उरली होती. तिनं त्या भोकांवरून बोट फिरवलं, एकदा, परत एकदा. मग लेकीला पुढं ढकललं आणि तशीच निघून गेली.

बाईंनी हात पुढं केला. सवयीनं म्हणाल्या, "कान दाखव."

ठकीनं कान दाखवला नाही. तिनं हात वर करून बाईंच्याच कानाला बोट लावलं आणि म्हणाली, "बाई, तुमचेच लई गार हायेत. तुम्ही बसा शेगडीपाशी."

बाई गेल्या बसायला. मी त्यांना पाठमोरंच पाहिलं. खांदे हलत होते.

पुढं बाई निवृत्त झाल्या आणि पुंडलिकनगरात भाच्याकडे राहिल्या. मी शेवटचं भेटले तेव्हा असाच कडाका होता. भाचा वैतागून म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगा हिला. खोलीचं दार लावू देत नाही, गार वारा येतो." बाई पलंगावर, पायांवर ती शेरवानी. नजर गेली होती. मी जवळ बसले तर त्यांनी हात उचलून माझा कान शोधला, बोटांची मागची बाजू लावली. "गोदा ना? गार आहेस. पुढं सरक." त्याच थंडीत त्या गेल्या. भाच्यानं शेरवानी मला दिली. बघ येशील तेव्हा, एकही गुंडी नाही.

तर मंजू, हेडमास्तरांना माझा हो पण सांगू नको आणि नाही पण सांगू नको. तुमच्या वर्गातली निम्मी लेकरं अशी, ज्यांचे आई-बाप पहिल्या पाळीला कंपनीत जातात. सुट्टी दिली तर ती पोरं कुलपाआड, पत्र्याच्या खोलीत. सगळ्या लेकरांना विचार, कुणाच्या घरी ऊब आहे आणि कुणाच्या नाही. ज्याच्या घरी आहे त्याला राहू दे, आणि त्याची हजेरी कापू नको. ज्याच्या घरी नाही त्याच्यासाठी एक खोली उघडी ठेव. आणि सकाळी दारात उभी राहा, बाई. कान बघ.

आता पुरे, बोटं आखडली. या रविवारी ये. लेकरालाही आण, त्याला पाहून किती दिवस झाले. स्वेटर घालून, कान बांधून ये. आणि कितीही उशीर होऊ दे गं, फोन करून विचारत बसू नको. माझं दार नुसतं लोटलेलं असतं.