चाफ्याची उरलेली फांदी जगेल का?

नमस्कार मंडळी. मी या ग्रुपवर फारसं लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

माझ्या पत्नीने लावलेला पांढरा चाफा मागच्या आठवड्यात रस्त्याच्या कामात गेला. तिला जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. झाड तोडण्याआधी मी दोन फांद्या कापून घेतल्या. चाफ्याचा चीक वाळल्याशिवाय फांदी मातीत लावत नाहीत, म्हणून त्या सावलीत भिंतीला टेकवून ठेवल्या आणि लेकीकडे जालन्याला गेलो.

आज दुपारी परत आलो, तर दोन्ही फांद्या पाण्याच्या बादलीत.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "सुकायल्या होत्या हो भाऊजी. तुम्ही गेले त्याच दिवशी नळाला पाणी आलं. आधी यांना ठेवलं, मग आमचे हंडे भरले."

आमच्या मुकुंदवाडीत नळाला रोज पाणी येत नाही. त्यांना काय बोलणार?

एक फांदी पूर्ण कुजली होती. दुसरी खालून थोडी थोडी कापत गेलो. वीतभर गेल्यावर पांढरा चीक आला, तेव्हा थांबलो.

"माझ्या हातानं गेलं का हो?" वहिनींनी विचारलं.

"नाही वहिनी, आहे अजून," मी म्हणालो. खरं बोललो का, ते मलाच माहीत नाही.

आता हातभर फांदी उरली आहे. पुन्हा वाळवून लावली तर जगेल का? कोणी असा चाफा वाचवला असेल तर कृपया सांगा. संध्याकाळपासून वहिनी दोनदा येऊन बघून गेल्या. पुन्हा आल्या तर त्यांना काय सांगू?