खोक्यातलं टिचबटण

मामाच्या गॅरेजात एक कायदा होता. टायमिंग बेल्ट बदलायचं ठरलं की जुना बेल्ट आधी कापायचा. गाडीवरून उतरवायचा, मालकाच्या नाकासमोर धरायचा आणि पत्र्याच्या कात्रीनं त्याचे दोन तुकडे करायचे. मग नवा माल अजून दुकानातून यायचा असला तरी.

"नाहीतर माणसाचं मन फिरतं," मामा म्हणायचा. "नव्याचा भाव ऐकला की म्हणतो, राहू दे मामा, हाच अजून थोडे दिवस ढकलू. थोडे दिवस बेल्ट ढकलतो आणि मग रस्त्यात गाडी ढकलतो."

हा मामा आधी फक्त दोन पोरांचा मामा होता. धाकट्या बहिणीची ती पोरं गॅरेजातच, ट्रकच्या सावलीत वाढली. दिवसभर मामा-मामा करायची. ऐकून ऐकून आख्खी गल्ली तेच म्हणायला लागली. आता पिकल्या मिशांचे ड्रायव्हरसुद्धा त्याला मामा म्हणतात, आणि तोही कुणाला अडवत नाही.

बेल्ट म्हणजे दिसायला रबराचा दातेरी पट्टा. पण इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाची गाठ तोच बांधतो. तो तुटला की आतलं लोखंड एकमेकांच्या अंगावर जातं. सपाटीवर तुटला तर गाडी बंद पडते आणि खर्च बसतो. उतारावर तुटला तर इंजिन मरतं, ब्रेकचं पेडल दगड होतं, स्टिअरिंग हाताशी भांडायला लागतं आणि मागचं ओझं काही म्हणजे काही ऐकत नाही. बेल्टला ताणून धरायला एक फिरती चकती असते, तिला टेन्शनर म्हणतात. बेल्ट चांगला आणि टेन्शनर फुसका, तरी गाडीची गत तीच.

म्हणून माल अस्सल हवा. आणि अस्सल ओळखण्यात मामाचा हात धरणारा कुणी नव्हता. हात कसला, अंगठा! कंपनीच्या खोक्यावरून तो अंगठा फिरवायचा. पुठ्ठ्याचा कडकपणा, उठावाची अक्षरं, कडेची घडी. "हा खरा." "हा चोर." संपलं. दुसऱ्या गल्लीतले मेकॅनिकसुद्धा खोकी घेऊन यायचे, परीक्षेला बसवल्यासारखी ती ओळीनं मांडायचे. मामा आव आणायचा की त्रास होतोय, पण आतून फुलून जायचा.

नकली माल विकणाऱ्यांना रिकामी खरी खोकी लागतात हे त्याला ठाऊक होतं. म्हणून काम झालं की खोक्यावर स्क्रू-ड्रायव्हरनं फुली मारून तो फाडून टाकायचा. फक्त काही खोकी मामीनं मागून घेतली होती. मामी घरी शेजारणींचे कपडे शिवते. "इतका मजबूत पुठ्ठा, फाडताय काय! माझी हुकं-बटणं राहतील," म्हणाली. बायकोनं कौतुकानं मागितलं, यानं दिलं. त्यात काय एवढं?

तर एका सकाळी धाकटी तिचा ट्रक घेऊन आली. तीच ती, दोन पोरांची आई. ट्रक लहान, मागे जाळीची बांधणी. हॅचरीतून एका दिवसाची कोंबडीची पिल्लं उचलायची आणि डोंगरापलीकडच्या पोल्ट्र्यांत पोचवायची, हे तिचं काम. ते तिनं सहजासहजी मिळवलेलं नाही. बाई ट्रक चालवणार म्हटल्यावर हॅचरीच्या गेटावर लोक हसले होते. ती रोज जाऊन त्याच गेटात उभी राहिली. शेवटी सुपरवायझरच कंटाळला आणि त्यानं फेरी दिली. देताना एवढंच बोलला, "पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की थांबत नाही. तुमची गाडी नसली तर दुसरी उभीच आहे."

"दादा, पुढून कसलीतरी घरघर येतेय," धाकटी म्हणाली. "म्हाताऱ्याच्या छातीसारखी. संध्याकाळी भरायचीय, तोवर होईल ना?"

मामानं कव्हर काढलं. बेल्टच्या दातांच्या मुळाशी चिरा गेल्या होत्या. घरघर टेन्शनरची. "बरं झालं आलीस," असं म्हणून त्यानं बेल्ट उतरवला, बहिणीच्या नाकासमोर धरला आणि कच्चकन कापला. हात सवयीनं चालला. डोकं विचारायला आलंच नाही.

मग दोघं माल आणायला निघाली.

आधी कंपनीचा डेपो. काचेच्या आड टाय लावलेला साहेब.

"ह्या गाडीचं बेल्ट-टेन्शनरचं किट नाही. स्टॉक संपलाय."

"कधी येईल?"

"येईल."

"येईल म्हणजे?"

"वरून आलं की कळेल."

धाकटी पुढे झाली. "अहो साहेब, गाडी तुम्ही बनवलीत. तिचा पट्टा कुणाकडे मागायचा, शिंप्याकडे?"

साहेब हसला. "ताई, नवी गाडी हवी असेल तर संध्याकाळपर्यंत देतो."

ऐका! पाच टनांची गाडी देतील, वीतभर रबर देणार नाहीत. या लोकांना जाब विचारणारा कोण आहे? काचेत बोलायला एक भोक ठेवतात, पण कान तिथे नसतो.

बाजारात फिरून पायाचे तुकडे पडले. एका दुकानातल्या बेल्टला घासलेटचा वास. दुसऱ्या दुकानातला टेन्शनर मामानं बोटानं फिरवला, तर तो भिंगरीसारखा फिरतच राहिला. आत ग्रीस असतं तर असा नाचला नसता. कोरडं बेअरिंग, तापून अडकणार. मामा नुसता मान हलवत खाली उतरायचा.

"नवरी बघायला निघालोय का आपण?" धाकटी म्हणाली. "एकही पसंत पडेना तुला!"

शेवटी गॅरंटीचं दुकान. दुकानदाराचं खरं नाव कुणाच्या लक्षात नाही. दर वाक्याला गॅरंटी देतो म्हणून गॅरंटी.

"मामा! तुमच्यासाठी वरच्या फळीवर जपून ठेवलंय एक. शेवटचं. गॅरंटी!" त्यानं खोका खाली काढला.

मामानं अंगठा फिरवला. पुठ्ठा कडक, अक्षरं बोटाला लागतात, घडी सुरेख. त्याचा चेहरा सैल झाला.

"हा खरा."

"सुटले बाई," धाकटी म्हणाली.

बेल्ट आणि टेन्शनर बाजूला काढून, तळातली बोल्टची पुडी निघावी म्हणून मामानं खोका उलटा करून झटकला. पुडी पडली, आणि तिच्यामागून काउंटरच्या काचेवर टिक् करून आणखी काहीतरी पडलं. बारीक, चकचकीत.

टिचबटण. दोन्ही अर्धी पिवळ्या दोऱ्याच्या एका टाक्यानं एकमेकांना बांधलेली.

"कंपनी हल्ली भेटवस्तू देते वाटतं," गॅरंटी हसला.

मामा हसला नाही. टिचबटणाची जोडी फुटू नये म्हणून तिला असा टाका घालणारी बाई त्याच्या घरात होती. तोही पिवळाच. पिवळा दोरा कपड्यात फारसा लागत नाही, तो असा संपवायचा म्हणून.

त्यानं तिथूनच घरी फोन लावला. "ती बटणांची खोकी कुठायत गं?"

"दिली की भंगारवाल्याला. वन्संनी प्लास्टिकचे डबे आणले ना, मग कशाला ठेवायची? मेला लोखंड नको म्हणाला, खोकीच तेवढी मागत होता. का हो?"

"काही नाही," मामा म्हणाला. त्यानं फोन ठेवला.

आता त्यानं आतला टेन्शनर बोटानं फिरवला. तोही नाचला. मघाशी फिरवूनच बघितला नव्हता. खोका खरा म्हटल्यावर आतलं कोण फिरवतं? गेल्या काही दिवसांत त्या अंगठ्याखालून किती खोकी गेली होती, किती जण 'मामा म्हणाला' एवढ्यावर माल बसवून डोंगर उतरत होते, ते तो बोटांवर मोजायला लागला. बोटं संपली.

"गॅरंटी, हा माल चोर आहे."

"अहो, आत्ता तर खरा म्हणालात!" गॅरंटीचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "मामा, शपथेवर सांगतो, मलाही वरूनच येतो. ह्याच्यापेक्षा बरा कुठं मिळाला तर दोन आणा, एक मला ठेवतो."

खोक्यावर कंपनीचा तक्रारीचा नंबर होता. मामानं तोही लावून बघितला. एका गोड आवाजाच्या मुलीनं खोक्यावरचे आकडे विचारले. तिनं तपासले आणि म्हणाली, "सर, आपला माल शंभर टक्के अस्सल आहे. खरेदीबद्दल अभिनंदन!"

"अगं बाळा, खोका अस्सल आहे. आतलं नाही."

"सर, आमच्याकडे खोक्याचाच नंबर असतो."

आहे उत्तर? कुठे जायचं माणसानं? तक्रारीला बिल लागतं, बिल मागितलं की माल आत जातो. आणि बिल हातात आलं तरी तपासायचं काय, तर तो खोका! सगळा कारभार पुठ्ठ्याचा.

गॅरेजात परत आल्यावर धाकटी म्हणाली, "दादा, तू खोक्यातलं ओळखायचास ते खोक्यावरून? माझ्या खोक्यात काय आहे ते ओरडून सांगतं. तुझी खोकी मुकी रे."

एरवी मामानं उलट टोला हाणला असता. आज तो कापलेल्या बेल्टचे तुकडे हातात घेऊन बसला. चिरा होत्या, खरं. पण मूळचा अस्सल बेल्ट, तीन-चार फेऱ्या तरी ओढल्या असत्या. तेवढ्यात डेपोत माल आलाही असता. त्यानं दोन टोकं एकमेकांना लावून बघितली. काय बघत होता, त्यालाच माहीत.

"आजची फेरी सोड," तो म्हणाला.

"सोडते. आणि उद्या गेटात जाऊन काय सांगू? भावानं पट्टा कापला?"

"मी बोलतो सुपरवायझरशी."

"तू बोल. तो ऐकेल, चहा पाजेल आणि दुसरी गाडी भरेल. दादा, ही फेरी मिळवायला मी काय काय गिळलंय, तुला नाही कळायचं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू बसवशील ना? मग झालं. तुझ्या हातचं काम आहे, मला काही होत नाही."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. या एका वाक्यानं मामाचे हात बांधले.

तो पुन्हा बाजारात गेला. या वेळी एकटाच. दिसेल त्या दुकानात शिरून टेन्शनर फिरवत सुटला. कुठला सगळ्यात कमी नाचतो, एवढंच बघायचं. खरं-खोटं संपलं होतं. वाईटातला जरा कमी वाईट कुठला, आता त्याची निवड. एक मिळाला. बरा म्हणावा असा नाही, फेकून द्यावा असाही नाही. बेल्ट त्याच गॅरंटीच्या खोक्यातला घेतला, त्याला निदान वास तरी नव्हता.

आणि मग तो त्या मालासमोर असा बसला, की सोनार बसणार नाही. खुणा जुळवल्या. ताण तपासला, सोडला, पुन्हा तपासला. इंजिन हातानं पूर्ण फिरवून खुणा परत बघितल्या. अख्ख्या आयुष्यात अस्सल मालाला त्यानं इतकं जपलं नसेल. किल्ली फिरवली. इंजिन लोण्यासारखं चालू झालं. घरघर नाही, काही नाही.

"बघ!" धाकटी म्हणाली. "उगाच तोंड पाडून बसलायस."

मामाला तेच तर खुपत होतं. पहिल्या दिवशी चोरही सावासारखाच चालतो.

उन्हं कलली. धाकटी केबिनमध्ये चढली, तर दुसऱ्या बाजूनं दार उघडून मामाही चढला. मांडीवर पान्यांची पिशवी.

"तू कुठं?"

"येतो जरा. डोंगरापलीकडं गेलो नाही बऱ्याच दिवसांत."

"डोंगर काय पळून चाललाय?" तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग सीटवरचं फडकं उचलून त्याला जागा केली.

हॅचरीपर्यंतच्या रस्त्यावर मामानं डोळे मिटले आणि कान इंजिनात घातला. चकती फिरत होती, एकसुरी. रस्ता रिकामा, गाडी रिकामी, आवाज स्वच्छ. असंच चालू राहिलं तर बेअरिंग कुरकुरायच्या आधी आपल्याला कळेल, मग 'थांब' म्हणायला वेळ मिळेल. एवढा एक दिलासा त्यानं स्वतःला दिला. अंगठा गेला, कान तर आहे!

गेटात सुपरवायझरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. माणसांनी भोकाभोकांची खोकी उचलून जाळीत रचली, वरपर्यंत. गाडी गेटाबाहेर पडली, आणि पहिल्या खड्ड्याला गाडीभर पिल्लांनी एकदम चिवचिवाट सुरू केला.

चिवचिवाट कसला, नुसता कल्लोळ! केबिनच्या मागच्या जाळीतून तो आत घुसला. चढ लागला तसा वाढत गेला. मामानं मान पुढे काढली, कान डॅशबोर्डला टेकवला. इंजिन चालू आहे एवढं कळत होतं. त्याच्या आतली ती चकती कुठे आहे, बरी आहे की तापलीय, काही म्हणजे काही कळेना.

"दर वेळी एवढी ओरडतात?" त्यानं ओरडूनच विचारलं.

"काय?"

"म्हटलं, एवढी ओरडतात?"

"उतारावर जास्त!" धाकटी हसली. "घाबरतात ती. मग मी गाणं म्हणते, माझंच मला ऐकू येत नाही."

माथा आला. समोर रस्ता एकदम खाली वळला. धाकटीनं गिअर उतरवला, ट्रकनं नाक खाली केलं आणि मागचं सगळं ओझं पाठीला येऊन टेकलं.

मामानं पान्यांची पिशवी पायाशी ठेवली. कान उपयोगाचा नव्हता, म्हणून डॅशबोर्डवर तळहात दाबून धरला. थरथर लागत होती. इंजिनाची होती, रस्त्याची होती की त्याच्या हाताचीच, ते त्याला ओळखता येईना.

"काय ऐकतोयस रे दादा?" धाकटीनं विचारलं. डोळे रस्त्यावर, स्टिअरिंगवर दोन्ही हात.

"काही नाही," मामा म्हणाला. तिला ते ऐकू गेलं नाही. त्यानं हात तसाच ठेवला. पहिलं वळण आलं.