डावा कान उघडा ठेवजो

आधीच सांगून टाकतो — भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली तर ‘त्यापेक्षा लोणचं घाला की’ म्हणणारा मी. बायको म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही. ते खरं आहे, आणि या प्रकरणाचं मूळही तिथेच आहे. म्हणून लिहितोय. हसायचं असेल तर हसा...

वर्ध्यात एका सरकारी कचेरीत मी कारकून आहे. राहायला बोरगाव मेघे, मूळचा हिंगणीचा. गावात आमचं हौशी नाटक मंडळ आहे आणि गेली अठरा वर्षं आम्ही एकच नाटक करत आलो, आमच्या शाळेतल्या गुरुजींनी लिहिलेलं. राणी वारते. महाराज दुःखाने खोलीचं दार लावून घेतात. दरबार बंद, डोक्यावर फेटा नाही. गोंदा नावाचा जुना सेवक रोज सकाळी थाळी घेऊन दाराशी उभा राहतो आणि भरली थाळी घेऊन परत जातो. शेवटी एक दिवस महाराज दार उघडतात, आणि गोंदा भर स्टेजवर त्यांच्या डोक्याला फेटा बांधतो. एवढीच गोष्ट. पण फेट्याचा सीन आला की बाया पदराने डोळे पुसायच्या.

महाराज मी, सुधाकर. गोंदा म्हणजे वामनभाऊ.

वामनभाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. दीड एकरात मेथी, वांगी आणि सांबार — बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. शिक्षण चौथी, पण अख्खं नाटक तोंडपाठ. स्वतःचंच नाही, माझंही! कारण, आता लपवायचं काय, मला पाठांतर कधीच जमलं नाही. आमचा प्रॉम्प्टर विंगेत नसायचा, तो माझ्या पाठीशी मोरचेल हलवत उभा असायचा. मी अडकलो की वामनभाऊ वाक्याचे पहिले दोन शब्द माझ्या डाव्या कानात सोडत. फक्त दोन. पुढचं मी ओढायचं. फेटा बांधतानासुद्धा डाव्या कानावरची घडी अंगठ्याने वर सारायचे आणि पुटपुटायचे, “डावा कान उघडा ठेवजो, बाबू. कान झाकला का राजा मुका.” टाळ्या मात्र मला पडायच्या, आणि मी त्या बिनदिक्कत घेत आलो.

मागच्या वर्षी गावातल्या प्रयोगात वामनभाऊंचा हात थरथरत होता. आधी महिनाभर दिसत होतं, पण मी लक्ष दिलं नाही. फेटा अर्धा बांधून झाला आणि सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला, आणि माझ्या तोंडावरून खाली लोंबायला लागला. पोरं हसली. मग मोठी माणसंही हसली.

पडदा पडल्यावर मी सगळ्यांच्या देखत बोललो, “वामनभाऊ, आता तुम्ही घरीच राहा. माझी इज्जत घालवली आज तुम्ही.” दहा-बारा माणसं होती तिथे. वामनभाऊ फेट्याची घडी घालत होते. त्यांनी ती पूर्ण केली, पेटीत ठेवली, आणि चप्पल घालून गेले. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, एकदाचं बोलून मोकळा झालो.

मग गोंदाचं काम मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेल्या मनोजला दिलं आणि मी वर्ध्याहून तयार फेटा आणला — शिवलेला, टोपीसारखा घालायचा. वामनभाऊ एकदा रस्त्यात भेटले तर फेट्याबद्दल विचारलं त्यांनी. मी सांगितलं. एवढंच म्हणाले, “तयार फेटा कान झाकते रे.” मी गाडीला किक मारली.

दोन-अडीच महिन्यांनी कळलं, त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलंय. शांतावैनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. “भाऊजी, हे तुमची लय आठवन करून राह्यले. एक डाव येऊन जा ना.” मी म्हटलं, रविवारी येतो.

बोरगावहून सेवाग्राम गाडीवर पंचवीस मिनिटं. पंचवीस मिनिटं! त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी कंटाळा केला, खोटं कशाला बोलू. खरं म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती. तिसऱ्या रविवारी तालीम ठेवली, कारण वर्ध्यातल्या एका हौशी नाट्यस्पर्धेत आमची निवड झाली होती. मंगळवारी वामनभाऊ गेले. मातीला गेलो मी. मागे उभा राहिलो आणि लवकर निघून आलो.

त्यानंतर सोळाव्या दिवशी स्पर्धा. आमचा प्रयोग सकाळी साडेअकराचा. म्हणजे अंधार, अमावस्या, कुत्र्याचं रडणं असलं काही डोक्यात आणू नका. बाहेर लखलखीत ऊन, हॉलमध्ये अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, पहिल्या रांगेत तीन परीक्षक चहा पीत बसलेले.

शेवटचा सीन आला. मी दार उघडलं. मनोजने मागून फेटा ठेवला — तो ढिला होता, दोन्ही कानांवर उतरला — आणि ठरल्याप्रमाणे पुढे येऊन पायरीवर गुडघे टेकले. माझ्या मागे कुणी नाही. फक्त रंगवलेली भिंत.

इथे महाराजांचं वाक्य आहे. “तू रोज दाराशी होतास, गोंदा. दार मीच उघडलं नाही.” अठरा वर्षं म्हटलेलं वाक्य. या एका वाक्याला मी कधीच अडकलो नव्हतो, हे एकच मला खरं पाठ होतं. आणि त्या दिवशी ते तोंडातून निघेना. विसरलो नव्हतो हो! समोर दिसत होतं. तोंड उघडं, मनोज डोळे मोठे करून बघतोय, एक परीक्षक घड्याळाकडे बघतोय.

तेवढ्यात डाव्या कानावरचा फेटा वर सरकला. कुणीतरी अंगठ्याने सारला. अंगठा खरखरीत होता, जुड्या बांधून बांधून चिरलेला. तो मी अठरा वर्षं ओळखतो. तंबाखूचा वास आला. आणि कानात, अगदी सावकाश, “तू रोज...”

बस. दोनच शब्द.

मी गर्रकन मागे वळलो. भिंत होती. पण मी त्या भिंतीकडे तोंड करूनच ते वाक्य बोललो, आणि ‘गोंदा’च्या जागी काय नाव घेतलं ते मला आठवत नाही. मनोज म्हणतो, “तुमी ‘वामनभाऊ’ म्हनले. आन मंग लय रडले. मले वाटलं आता पडते हा मानूस.” परीक्षकांनी प्रेक्षकांकडे पाठ केल्याबद्दल गुण कापले. बरोबरच केलं त्यांनी.

आता तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. मीही तेच म्हणालो असतो. मनोजच्या भावाने मोबाईलवर शूटिंग केलं होतं, ते मी किती वेळा पाहिलं याला गणती नाही. फेटा आधी कानावर आहे, नंतर कान उघडा आहे. मधल्या क्षणाला माझी मान हलते, त्यामुळे फेटा आपोआप सरकला असेल असं म्हणायला जागा आहे. आवाज शूटिंगमध्ये नाही. ठीक. पण पाठांतर नसलेल्या माझ्यासारख्याला आपली आठवण कुठली आणि दुसऱ्याने कानात सांगितलेलं कुठलं, एवढं तरी नक्की कळतं. सगळं आयुष्य त्याच्यावरच काढलंय.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? त्यांनी शिवी दिली नाही. ‘काऊन नाही आला?’ असं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवस तसेच काढले, मग हिंगणीला वैनींकडे गेलो. त्या ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. उद्याचा बाजार होता. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. प्रयोगानंतर बोललो ते, तीन रविवारांचं, आणि हे. माफी मागितली. त्यांचे हात चालूच होते.

मग म्हणाल्या, “दवाखान्यात हे तुमचंच बोलनं म्हनत राहत. गोंदाचं नाई, महाराजाचं. नर्सबाई हसे, म्हने आजोबा राजे हाय का? मी म्हनो, काऊन हो, सोताचं काऊन नाई म्हनत? तं म्हने, माहं मले येते. सुधाकर भुलते.”

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. वैनी माफ केलं म्हणाल्या नाहीत, नाही केलं असंही म्हणाल्या नाहीत. मी चपला घालायला लागलो तेव्हा त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

“खरंच आलते का ते?”

“हो, वैनी.”

“कानाशी बोलले?”

“हो.”

“बिमारीत एक महिना मी त्यायच्या उशाशी होती, भाऊजी. डोळ्याले डोळा नाई लागू देल्ला. घरातबी रोज वाट पाह्यतो मी.” त्यांचा आवाज फुटला. “मले तं अजून एक डावबी नाई भेटले. तुमच्याचकडे काऊन गेले हो?”

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाला याचं उत्तर येत असेल तर सांगा.